मुडपलेली कड

सेनापती थान यांनी तागाच्या कापडाची टोपली लाथेनं उडवली. कापड अंगणभर पसरलं. मग त्यांनी मला विचारलं, "कात्री कुठाय तुझी, तंबूवाली?"

मी कात्री दाखवली.

"नुसतं कापायचं आणि अंगरखे जोडायचे. कड मुडपायची नाही. सातही अंगरख्यांच्या दशा लोंबताना दिसल्या पाहिजेत मला. कडेला एक टाका सापडला, तर त्याच सुईनं तुझं तोंड शिवीन."

आत वारलेल्या सासूबाईंना अजून शेवटची आंघोळ घालायची होती, आणि हा माणूस बाहेर कपड्याच्या कडांवरून भांडत होता. मी म्हटलं, तोंड शिवायला जाड दोरा लागेल, मामंजी, हा पुरणार नाही. ते माझ्याकडे बघून थुंकले आणि निघून गेले. आमचं बोलणं एरवीही असंच चालायचं.

ते माझे सासरे. माझे वडील लष्कराला तंबू शिवून देत, म्हणून मी तंबूवाली. इतकी वर्षं मी त्या घरात राबले, पण माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. माझ्या उजव्या भुवईवर हा जो व्रण दिसतो, तो त्यांच्या भाताच्या वाटीचा. भात गार आहे म्हणून त्यांनी ती भिरकावली होती. तरुणपणी मोहिमांवर गार भात खाऊन खाऊन त्यांनी म्हणे शपथ घेतली होती की पुन्हा गार घास तोंडात घालणार नाही. शपथ त्यांची, कपाळ माझं.

त्यांना पोटचं मूल नव्हतं. त्यांच्या पिढीचे सेनापती करत तेच त्यांनीही केलं होतं. गाव जिंकलं की त्यातलं एखादं अनाथ पोर उचलायचं, त्याला आपलं आडनाव द्यायचं, वाढवायचं आणि मोठं झालं की अंगरक्षक करायचं. असे त्यांचे सात मुलगे होते. नावंसुद्धा ज्या त्या गावाचीच. थोरला तुंगलिंग, कारण तो तुंगलिंगला सापडला. माझ्या नवऱ्याचं नाव शीशान. शीशान गाव आता नकाशावर नाही, ते थानांनीच जाळलं. बाकीच्या बायका लाजून नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी रागानं घेत नसे. आता घेते.

आता त्या कडांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या देशात मेलेल्याचं आणि रडणाऱ्याचं नातं सुतकी कपड्यावरून ओळखतात. आईबाप गेले की मुलगा सगळ्यात जाडंभरडं तागाचं कापड घालतो आणि त्याची कड मुडपत नाही, कापलेली तशीच सोडतो. दुःखात त्याला शिवत बसायला वेळ नव्हता, असा त्याचा अर्थ. मुलाच्या बायकोलाही तसंच. बाकी सगळ्यांनी कड मुडपून शिवायची. पुतण्यानं, आश्रितानं, अगदी मेलेल्या बाईच्या नवऱ्यानंसुद्धा. म्हणजे मयतीला आलेला परका माणूसही लांबून बघून सांगू शकतो की या बाईला मुलगे किती.

एरवी हा रिवाज निरुपद्रवी होता. त्या वर्षी तो तसा नव्हता.

त्या वर्षी राजधानीत सेनापतींची कत्तल चालली होती. सम्राट म्हातारे झाले होते. गादीवर नातू बसायचा होता, आणि ज्यांनी राज्य जिंकून दिलं ते दांडगट सरदार पोरसवदा नातवाला जुमानणार नाहीत, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. हिवाळ्यात महासेनापती वेई यांच्यावर बंडाचा आरोप आला. आधी ते गेले, मग त्यांच्या हाताखालचे एकेक. सासरे वेईंच्या डाव्या बगलेला आयुष्यभर लढलेले. त्यांची पाळी येणार हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. आमचं दार आलं की लोक रस्ता ओलांडून पलीकडून चालत.

कायदा असा, की बंडखोराच्या मुलांना तलवार आणि सुनांना सीमेवर हद्दपारी. पण मानलेला मुलगा मुलगा धरायचा का? न्यायाधीशांनी त्यावर सोपी तोड काढली. आमच्या शेजारचे सेनापती हान पकडले गेले, तेव्हा त्यांच्या मानलेल्या मुलांना एकच प्रश्न विचारला गेला. हानबाई वारल्या तेव्हा तुमच्या अंगरख्याची कड कशी होती? सगळ्या गल्लीनं पाहिलेलं होतं. दशा सुटलेल्या होत्या. ती सगळी मुलं गेली. त्यांची डोकी वेशीवर लावली, आणि सासऱ्यांनी घोडा थांबवून ती बघितली. मी मागे पालखीत होते, मी त्यांना बघताना बघितलं.

आणि तरीही त्यांना सात अंगरखे सुट्या दशांचे हवे होते. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं. मी तेव्हा जे म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुपारी मी शीशानला परसात गाठलं. तो शवपेटीच्या झाकणाला लाख लावत होता. मी त्याला सरळ सांगितलं की मयतीच्या दिवशी आजारी पडा, घोड्यावरून पडा, पाय मोडून घ्या, काहीही करा, पण तो अंगरखा घालू नका. तो लाख लावत राहिला. त्याचा स्वभावच तसा. सगळ्या घराचं ओरडणं थानांनी एकट्यानं उरकल्यावर बाकीच्यांना काही उरलं नव्हतं.

मग मी जे बोलायचं नाही ते बोलले. म्हटलं, "तुमच्या बापाला कोणी मारलं ते तुम्हाला माहीत नाही का? ज्यानं मारलं त्याच्यासाठी आता मरणार?"

"माहीत आहे." त्यानं कुंचला खाली ठेवला. "बाप यांनी मारला. माझे पाय भाजले होते, ते हिनं, आईनं, बरे केले. हिवाळाभर पाठीवर घेऊन फिरली मला. दोन्ही खरं आहे."

"ती गेली. तिला काय दिसणार आहे कड?"

"गल्लीतल्या बायका तिला वांझ म्हणायच्या," तो म्हणाला. "तोंडावर म्हणायच्या. मी तिच्या पाठीवर असायचो तेव्हासुद्धा. निदान तिच्या शवपेटीमागून चालताना तसं कोणी म्हणू नये. बस."

त्याला दुसरं काही सांगायचं नव्हतं. मला मात्र बरंच सांगायचं होतं आणि ते मी सांगितलंही, पण पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाईंवर माझा जीव होता. त्यांनी मला हजारदा सांगितलं असेल की तुझे टाके तंबूचे आहेत, माणसांच्या कपड्याला असे राक्षसी टाके घालू नयेत. पण जिवंत नवरा आणि मेलेली सासू यांत मला निवड करायला क्षणभरही लागला नाही.

प्रश्न एवढाच होता की एकट्या शीशानच्या अंगरख्याची कड मुडपली तर म्हातारा त्याला तिथेच काठीनं झोडपून मारेल. एकट्याची मुडपून चालणार नव्हतं. सातांची मुडपायला हवी होती.

सातही जावा आम्ही मधल्या खोलीत शिवायला बसलो होतो. मी दार लावलं आणि सांगून टाकलं. थोरली जाऊ, तुंगलिंगची बायको, गोरीमोरी झाली. ती म्हणाली, "मामंजी जिवंत सोडणार नाहीत."

मी म्हटलं, "ते एकट्याला सोडणार नाहीत. सातांना काय करतील? त्यांना शवपेटी उचलायला माणसं लागतील की नाही?"

धाकटी म्हणाली, हे पाप आहे, आईला वांझ ठरवून पाठवायचं. मी तिला विचारलं की हानांच्या धाकट्या सुनेला तू ओळखत होतीस ना, ती आता कुठे आहे? ती रडायला लागली. मग थोरलीनं सुईत दोरा ओवला आणि आपल्या नवऱ्याच्या अंगरख्याची कड आत दुमडली. तिला टाका सरळ घालता येईना म्हणून ती कड मीच शिवली. मग दुसरी, तिसरी. शेवटी सातही मीच शिवल्या, कारण टाके एकसारखे दिसायला हवे होते. सात तऱ्हेचे टाके दिसले असते, तर ते लपवाछपवीसारखं वाटलं असतं. सुनांचं सुतक नवऱ्याच्या नात्यावर ठरतं, त्यामुळे आमच्या सातजणींच्या झग्यांच्या कडाही मुडपल्या.

शीशानच्या कडेला मी आतल्या बाजूनं दुहेरी टीप घातली. तंबूच्या दोरखंडाजवळ घालतात तशी. ती वाऱ्यावादळात उसवत नाही.

कोणी नवऱ्याला सांगायचं, कोणी नाही, हे जिच्या तिच्यावर सोडलं. थोरलीनं सांगितलं. तुंगलिंग म्हणे भिंतीकडे तोंड करून बसला आणि नाही म्हणाला नाही. बाकीच्यांचंही तसंच झालं असावं. मी सांगितलं नाही. पुरुष कपड्याची कड बघत नाहीत. भोक पडलं तरी बघत नाहीत, तर शिवलेलं काय बघणार. आजही ती वेळ आली तर मी सांगणार नाही.

मयतीच्या दिवशी सकाळी जरीवाले आले.

जरीवाले म्हणजे सम्राटांचे स्वतःचे शिपाई. जरीचे कोट घालत म्हणून लोक त्यांना तसं म्हणत. पकडायला तेच, विचारायला तेच, आणि विचारून झाल्यावर जे उरेल ते पोत्यात भरून नेणारेही तेच. त्यांचा अधिकारी लुओ नावाचा एक किडकिडा माणूस होता, बोलायला अतिशय मऊ. त्यानं सासूबाईंपुढे उदबत्ती लावली, तीनदा वाकला, आणि मग दाराजवळ खुर्ची मागून घेऊन चहा पीत बसला. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला, "तुमचं चालू द्या. मी नुसता बसतो."

सासरे शवपेटीच्या डोक्याशी उभे होते. अंगावर ताग, हातात शोकाची काठी. नवरा म्हणून त्यांची कड मुडपलेली होती, ते रीतसरच होतं. मागून सात मुलगे रांगेनं अंगणात आले आणि गुडघ्यांवर बसले. आम्ही सुना डाव्या अंगाला. रडणं सुरू झालं. मी रडत होते, पण माझे डोळे म्हाताऱ्यावर होते.

आधी त्यांनी नाही बघितलं. आधी लुओनं बघितलं. त्याचा चहाचा पेला ओठांपाशी थांबला. मग त्यानं अंगणभर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पेला खाली ठेवला. त्यानं काय बघितलं हे सासऱ्यांनी वळून बघितलं.

ते रांगेपाशी आले. काठीच्या टोकानं त्यांनी तुंगलिंगच्या अंगरख्याची कड उचलली. मग दुसऱ्याची. सातही जणांची कड त्यांनी तशीच उचलून बघितली. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तंबूचे टाके त्या घरात दुसऱ्या कोणाचे असणार? मला वाटलं आता काठी माझ्या डोक्यात बसणार, आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला होता. अख्खं शहर ज्याला घाबरतं त्या माणसाच्या मागे आज एकही मुलगा नव्हता, आणि ते मी केलं होतं.

लुओ उठून जवळ आला. "सेनापती," तो म्हणाला, "माफ करा, मी बाहेरचा माणूस. बाईंना मूल नव्हतं का?"

अंगणात रडणं थांबलं.

सासरे शवपेटीकडे बघत होते. त्यांचा जबडा हलत होता, घास चावत असल्यासारखा. मी त्या माणसाला चिडताना, मारताना, शिव्या देताना, पिऊन पडलेला, असा सगळा बघितलेला. पण गप्प बसलेला कधी बघितला नव्हता.

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग हे सात?"

"कुत्री." आवाज अगदी साधा होता. "राखणीला पाळली होती. घरचं खाऊन माजली आहेत." मग ते रांगेकडे वळले आणि काठी आपटून ओरडले, "मयतीत कुत्री कोणी सोडली? चला, बाहेर. आडनाव इथे टाका आणि चालते व्हा. पुन्हा या दारात दिसलात तर तंगड्या तोडीन."

कोणीच हललं नाही. मग त्यांनी काठी उगारली आणि तुंगलिंगच्या पाठीत घातली. सुतक पाळणाऱ्या माणसाला कोणी मारत नाही. त्यांनी मारलं. तुंगलिंग उठला. तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता, पण तो उठला, शवपेटीला पाठ न दाखवता उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला, आणि बाहेर पडला. त्याच्यामागून दुसरा. मग बाकीचे. बायका त्यांच्या पाठोपाठ. लुओ बाजूला सरकून त्यांना वाट देत होता. कुत्र्यांशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

शीशान उठला नाही.

तो आपल्या अंगरख्याची कड हातात धरून बघत होता. मग त्यानं ओढून बघितली. टीप तुटेना. त्यानं पुन्हा ओढली. शोकात मुलानं शस्त्र जवळ ठेवायचं नसतं, त्याच्याकडे चाकू नव्हता. तो खाली वाकला आणि त्यानं दातांनी दोरा धरला.

सासऱ्यांनी ते बघितलं आणि ते त्याच्यावर धावून गेले. "सोड," म्हणाले, "सोड ते." काठीचा एक तडाखा त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. शीशान दोरा तोडतच होता. हाताएवढी कड सुटून लोंबायला लागली होती. मग सासऱ्यांनी काठी टाकली, त्याची मानगूट धरली, आणि सगळ्यांदेखत, त्या लुओदेखत, त्याच्या तोंडावर ओरडले:

"तुझा बाप मी मारला. ऐकतोस का? शीशानच्या वेशीवर, भाल्यानं. तो हात जोडत होता तरी मारला. कोणासाठी दशा सोडतोस?"

शीशाननं तोंडातला दोरा थुंकला. "माहीत आहे," तो म्हणाला. "तिला मूल होतं."

आणि त्यानं उरलेली कड टरकावली.

सासऱ्यांचा हात त्याच्या मानगुटीवर तसाच राहिला. बराच वेळ राहिला. आता ती मानगूट त्यांनी मारायला धरली होती की काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"एक तरी निघाला," लुओ म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज खरोखर सहानुभूतीचा होता. "बाई, तुमची कड शाबूत आहे. तुम्ही या घरच्या कोणी दिसत नाही. तुमचे वडील लष्कराला तंबू पुरवतात ना? कामाचे माणूस आहेत. माझा शिपाई तुम्हाला माहेरी पोहोचवेल."

सहाही जावा दाराबाहेरच्या उन्हात उभ्या होत्या. प्रत्येकीचा नवरा तिच्याजवळ होता. ते मी शिवलेल्या कडांमुळे होते. आणि ज्याच्यासाठी मी ही सगळी उठाठेव केली, ज्याच्या कडेला दुहेरी टीप घातली, तो मेला आत गुडघ्यांवर बसून दातांतले धागे काढत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर लोक म्हणाले की मी प्रेमापोटी केलं. असेल, थोडं असेल. पण मला राग आला होता. असा राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. म्हाताऱ्याचा, त्याचा, त्या मेलेल्या बाईचा, सगळ्यांचा. यांनी आपापसात ठरवून टाकायचं की कोण कोणाचं, आणि मी मात्र शिपायाबरोबर माहेरी जायचं?

माझ्या कमरेला कात्री होती. मी झग्याची कड हातात घेतली.

"तू नको," सासरे म्हणाले. ते ओरडले नाहीत. पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना ते ओरडले नाहीत. "तू जा, तंबूवाली."

"मामंजी," मी म्हटलं, "तुमचं मी आजवर कधी ऐकलंय?"

आणि कड कापून टाकली.

शवपेटी आम्ही तिघांनी आणि भाड्याच्या हमालांनी नेली. पुढे सासरे, मागे सुट्या दशांचा एक मुलगा आणि एक सून. रस्त्यावर बायका उभ्या होत्या. कोणी काही म्हटलं नाही.

दफन होऊन माती बसायच्या आत जरीवाले परत आले. सासऱ्यांनी त्यांना चहा विचारला नाही. शीशानला आणि त्यांना एकाच दोरानं बांधलं. मी दारात होते. शीशान माझ्याजवळून जाताना थांबला आणि म्हणाला, "टीप फार पक्की घातली होतीस. दाढ दुखतेय अजून."

"तुमच्यासाठीच घातली होती," मी म्हटलं.

"कळलं ते," तो म्हणाला.

एवढंच. सासऱ्यांनी त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, चल, बायकांशी गप्पा काय मारतोस. मग ते दोघं एका दोरात रस्त्यानं गेले. म्हातारा नेहमीसारखा छाती काढून चालत होता. पण त्याची पावलं शीशानच्या पावलांशी जुळवलेली होती. शीशानचे पाय लहानपणी भाजलेले, तो किंचित लंगडायचा. म्हातारा त्याच्या चालीनं चालत होता.

मला इथे दक्षिणेच्या सीमेवर पाठवलं. इथे मी शिपायांचे तंबू शिवते, आता नजर गेली तशी बाकीच्यांकडून शिवून घेते आणि त्यांच्या टाक्यांना नावं ठेवते. ते सहा दीर जगले. वेगवेगळ्या ठाण्यांवर साधे शिपाई म्हणून गेले, वेगवेगळ्या आडनावांनी. त्यांना मुलंबाळं झाली. थोरली जाऊ एकदा फार लांबून मला भेटायला आली होती. तिनं माझे पाय धरले आणि मी तिला हाकलून दिलं, कारण मला काय बोलावं ते सुचेना.

पण सेनापती थान यांना पिंड वाहायला त्या सहांपैकी कोणाला हक्क नाही. कुत्र्यांना हक्क नसतो. आमच्याकडे मेलेल्याला घरच्यांनी जेवू घातलं नाही तर तो उपाशी फिरतो. घरची म्हणून एकच उरले, सुट्या दशांची सून.

वसंतात पितरांचा सण येतो तेव्हा मी घरामागच्या चढावर तीन दगड मांडते. कबरी तर इथे नाहीत. एक सासूबाईंचा, एक शीशानचा, एक त्यांचा. पहिल्या वर्षी मी दोन वाट्यांत वाफाळता भात घातला. त्यांच्यासाठी मात्र मुद्दाम आदल्या दिवशीचा गार भात नेला. वाटी दगडापुढे आदळली आणि समोर बसून राहिले. म्हटलं, फेका आता.

वारा होता. उन्हं वर आली. भातावर माश्या बसायला लागल्या. मी भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवून बसले होते. वाटी कोणी फेकली नाही.

मग मी उठले, ती वाटी घेऊन चढ उतरून घरी गेले, चूल पेटवली, भात गरम केला आणि पुन्हा वर नेऊन ठेवला.

"गिळा," म्हटलं.